खुर्द्याची गणती

काशीच्या घाटांवरून नावेने प्रवाहाबरोबर खाली जाताना मराठी माणसाला ओळखीची नावे एकामागून एक भेटत जातात. प्रथम अहल्याबाईंचा घाट, पुढे मणिकर्णिकेला लागून असलेला आणि स्वतःच्याच भाराने काही अंशी पाण्यात खचलेला शिंद्यांचा घाट, त्यानंतर नागपूरकर भोसल्यांचा. मराठी सत्तेने उत्तरेकडे जे द्रव्य नेले आणि जी श्रद्धा नेली, तिची ही दगडी साक्ष होय. ही सारी नावे सरदारांची किंवा राजघराण्यांतील स्त्रियांची आहेत. ज्यांच्या पायांनी ही सत्ता नर्मदेपलीकडे गेली त्या बारगीर-प्याद्यांपैकी कोणाचे नाव एखाद्या घाटाला असावे, अशी अपेक्षा तेव्हा कोणी केली नाही आणि आजही करीत नाही.

१४ जानेवारी १७६१ च्या पानिपतच्या संहाराची वार्ता नानासाहेब पेशव्यांना वाटेत मिळाली ती एका सावकारी पत्रातून, हे मराठी विद्यार्थ्याला शाळेपासून ठाऊक असते. पत्राची भाषा सराफाच्या पेढीवरची आहे. मोती किती गळाले आणि मोहरा किती हरपल्या ते आकड्यांनी सांगून झाल्यावर, रुपये आणि खुर्दा किती गेला त्याची मोजदाद होत नाही, असा त्या मजकुराचा भाव आहे. मोती म्हणजे सदाशिवरावभाऊ आणि विश्वासराव, हेही शाळेतच सांगितले जाते. या रूपकाची सांकेतिकता, तिच्यातला आवरलेला हुंदका, यांचे कौतुक पिढ्यान्‌पिढ्या झाले आणि ते योग्यच झाले. ‘खुर्दा’ या शब्दापाशी मात्र फारसे कोणी थांबले नाही. पत्र लिहिणाऱ्याचा त्यात काही दोष नाही. ज्याच्या हाती वही असते तो मोत्यांपासूनच हिशेब मांडू लागतो.

सामान्य शिपायाविषयीची युद्धविरोधी कथा असो किंवा चित्रपट असो, त्यांचे काम या वहीच्या उलट टोकाकडून सुरू होते. मोजदाद न झालेल्या खुर्द्यातले एक नाणे उचलावयाचे आणि त्यावरचा झिजलेला छाप वाचून दाखवावयाचा. हिंदीत हे काम फार लवकर, आणि अत्यंत थोडक्या जागेत, ज्या लेखकाने केले त्याच्या आयुष्याचे अखेरचे महिने याच काशीत गेले.

चंद्रधर शर्मा गुलेरी यांचा जन्म ७ जुलै १८८३ रोजी जयपूरला झाला. संस्कृत, प्राकृत आणि अपभ्रंश या त्यांच्या अभ्यासाच्या भाषा. ऐन तारुण्यात जयपूरच्या वेधशाळेच्या जीर्णोद्धाराला त्यांनी विद्वत्तेचे साहाय्य केले होते. ज्या सवाई जयसिंहाने ती बांधली त्याचीच आणखी एक वेधशाळा काशीच्या मानमंदिर घाटावर आहे. अजमेरच्या मेयो कॉलेजात त्यांनी संस्थानिकांच्या मुलांना शिकविले. काशीच्या नागरी प्रचारिणी सभेच्या पत्रिकेतून ‘पुरानी हिंदी’ ही त्यांची प्रसिद्ध लेखमाला आली. १९२२ मध्ये मदनमोहन मालवीयांनी त्यांना हिंदू विश्वविद्यालयातील प्राच्यविद्येच्या महाविद्यालयाचे प्राचार्यपद दिले, आणि त्याच वर्षी १२ सप्टेंबरला, अवघे ३९ वर्षांचे असताना, ते येथे निवर्तले. असा हा पंडित. कथा लिहिणे हा त्याचा व्यवसाय नव्हता. त्याची कथाकार म्हणून असलेली कीर्ती प्रामुख्याने तीन कथांवर, आणि खरे सांगावयाचे तर एकाच कथेवर, उभी आहे. ‘उसने कहा था’ ही ती कथा जून १९१५ च्या ‘सरस्वती’त प्रसिद्ध झाली. संपादक महावीरप्रसाद द्विवेदी होते. त्यांना मराठी उत्तम येत असे आणि मराठी नियतकालिकांचा आदर्श ते हिंदीपुढे ठेवीत असत.

गुलेरींच्याच जन्मवर्षी, १८८३ मध्ये, काशीतल्या एका मराठी घरात बाबूराव विष्णु पराडकर जन्मले. १९२० मध्ये निघालेल्या ‘आज’ या दैनिकाचे संपादक म्हणून हिंदी पत्रसृष्टीने ज्यांना गुरुस्थानी मानले ते हे पराडकर १९१६ मध्ये कलकत्त्यास क्रांतिकारकांशी असलेल्या संबंधांवरून पकडले गेले आणि युद्ध संपून गेल्यावरच सुटले. एकाच महायुद्धाने हिंदीच्या दोन समवयस्क लेखकांना केलेला हा स्पर्श किती भिन्न आहे! एकाला त्याने स्थानबद्ध केले. दुसऱ्याला, तो जेथे कधीही गेला नाही अशा खंदकात नेऊन बसविले.

जून १९१५ या तारखेचे महत्त्व तुलनेने ध्यानात येते. हिंदी पलटणी मार्सेय बंदरात उतरल्या त्या १९१४ च्या सप्टेंबरअखेरीस. नव शापेलची लढाई झाली मार्च १९१५ मध्ये. म्हणजे या कथेतील चिखल अद्याप वाळलेलाही नव्हता. बार्ब्यूसची खंदकांतली कादंबरी आली १९१६ मध्ये, रेमार्कची ‘पश्चिम आघाडीवर सर्व सामसूम’ पुस्तकरूपाने १९२९ मध्ये, आणि फ्लांडर्समधल्या पंजाबी शिपायावरील मुल्कराज आनंदांची ‘अक्रॉस द ब्लॅक वॉटर्स’ १९४० मध्ये. युद्ध संपल्यावर लिहिलेले युद्धसाहित्य बहुधा भ्रमनिरासाचे साहित्य असते; त्याला उतारा माहीत असतो. गुलेरी लिहीत होते तेव्हा युद्धाला वर्षही झाले नव्हते, मुद्रणावर सरकारचे निर्बंध होते आणि देशातले पुष्कळसे पुढारी सैन्यभरतीच्या बाजूने बोलत होते. तेव्हा या कथेत युद्धाचा उघड धिक्कार सापडणार नाही. तिच्यातले शीख शिपाई शूर आहेत, सरकारनिष्ठ आहेत, लढाई मिळत नाही म्हणून कुरकुरतात. जर्मन हा तिच्यात कपटी आहे. वरवर पाहता, भरतीच्या अधिकाऱ्याने वाटावी अशी ही गोष्ट आहे.

परंतु तिच्यातला खंदक पाहावा. पायाखाली थंड गढूळ पाणी, वरून पाऊस, हाडांत शिरलेला गारठा, आणि दिवसेंदिवस न दिसणारा शत्रू. जमादार लहनासिंह हा आपला कंबल आणि अंगातली जर्सी सुभेदाराच्या आजारी मुलाला, बोधासिंहाला, देऊन टाकतो आणि थंडी वाजत नसल्याची बतावणी करतो. पहाऱ्याची पाळीही त्याच्याऐवजी स्वतःच करतो. दाढीवाले संसारी पुरुष रात्री फाजील गाणे म्हणतात आणि त्याने सगळा खंदक ताजातवाना होतो. हे सर्व ज्याने लिहिले त्याने खंदक पाहिला नव्हता; पण गारठलेली माणसे एकत्र बसली म्हणजे काय करतात हे त्याने कोठेतरी नीट पाहिले होते. युद्धाचे वर्णन करणारे बहुतेक लेखक तोफेपासून आरंभ करतात. गुलेरी ओल्या पायांपासून करतात.

या खंदकात पंडिताने आपले संस्कृतही बरोबर नेले आहे, आणि ही गोष्ट कथेच्या चाहत्यांनासुद्धा कधी कधी खटकते. रात्री चंद्र उगवतो तेव्हा संस्कृत कवींनी त्याला दिलेले क्षयरोग्याचे विशेषण आठवते. वारा सुटतो तेव्हा दातांना वीणेसारखे वाजायला शिकविणारा आचार्य अशी बाणभट्टाने केलेली त्याची थट्टा आठवते. फ्रान्सच्या चिखलात बाणभट्ट कशासाठी, असा प्रश्न विचारता येईल. परंतु त्या ओळी येतात कोठे, हे पाहिले म्हणजे प्रश्न उरत नाही. लढाईचा गोंधळ नुकताच संपला आहे, प्रेते पडली आहेत, आणि लहनासिंहाच्या बरगडीत गोळी शिरली आहे. कादंबरीचे वैभव तेथे एका मरणाऱ्या शिपायाच्या वाजणाऱ्या दातांवर उतरते. शास्त्री-पंडितांचे अलंकार राजांच्या वाट्याला नेहमीच आले. जमादाराच्या वाट्याला आल्याचे उदाहरण विरळा.

आणखी एक जागा आहे, जी काशीत वाचताना अधिक टोचते. खंदकातला विनोदी शिपाई वजीरासिंह बादलीने गढूळ पाणी उपसून बाहेर फेकतो आणि आपण आता उपाध्याय झालो असे म्हणत जर्मनीच्या बादशहाचे तर्पण सोडतो. सगळे हसतात. तर्पण हा काशीचा रोजचा व्यवहार. हाताच्या ओंजळीतून पाणी सोडताना नाव आणि गोत्र उच्चारावे लागते. ज्यांचे नाव घेणारे कोणी उरले नाही त्यांच्यासाठीही शास्त्राने वेगळी ओंजळ सांगितली आहे. गुलेरींना हे सर्व पाठ होते. खंदकातली ती बादली बादशहाच्या नावाने रिती होते. पण ज्यांच्यावर काही तासांतच मृत्यू येणार आहे ती माणसे तेथेच उभी राहून हसत असतात. लढाईनंतर गुलेरी दोन्ही बाजूंचे आकडे देतात: जर्मन त्रेसष्ट, मेलेले किंवा कण्हत पडलेले, शिखांपैकी पंधरा गेले. कथेत नावे मात्र मोजकीच.

कथानक सर्वांच्या परिचयाचे आहे, तेव्हा ते थोडक्यात. अमृतसरच्या बाजारात बारा वर्षांचा मुलगा आणि आठ वर्षांची मुलगी पुनःपुन्हा भेटतात. मुलगा तिला सोयरीक झाली का म्हणून चिडवितो आणि एके दिवशी ती झाल्याचे ऐकून सैरभैर होतो. पंचवीस वर्षांनी तीच मुलगी सुभेदारीण म्हणून समोर येते आणि पती व मुलगा या दोघांना सांभाळ, अशी पदर पसरून भीक मागते. खंदकात इंग्रज लेफ्टनंटाच्या वेशात आलेला जर्मन लहनासिंहाने ओळखलेला आहे. शिखाला सिगारेट देणारा आणि नीलगायीच्या अशक्य लांबीच्या शिंगांची थाप खरी मानणारा हा साहेब आपला नव्हे, हे त्या खेडवळ बुद्धीने हेरले. पलटण वाचते. लहनासिंहाला दोन जखमा होतात. मांडीची जखम लोकांना दिसते. बरगडीची तो खंदकातल्या ओल्या मातीने लिंपून, वरून फेटा कसून लपवितो. ज्या चिखलाला सगळे इतके दिवस शिव्या देत होते तोच अखेर मलमपट्टी होतो. जखमींच्या गाडीत तो बोधासिंहाला आणि सुभेदाराला चढवून देतो. घरी पत्र लिहाल तेव्हा सुभेदारणीला कळवा की तिने सांगितले होते ते मी केले, एवढाच त्याचा निरोप. तिने काय सांगितले होते, असे सुभेदार विचारतो. उत्तर मिळत नाही. त्यानंतर वजीराच्या मांडीवर डोके ठेवून लहनासिंह मरतो. मरताना त्याच्या जिभेवर गावाकडचे आंब्याचे झाड आहे, पुतण्याच्या जन्माच्या महिन्यात लावलेले.

आणि मग शेवटची ओळ येते. काही दिवसांनी लोकांनी वर्तमानपत्रात वाचले: फ्रान्स आणि बेल्जियम, अमुकावी यादी, अमक्या क्रमांकाची शीख पलटण, जमादार लहनासिंह, जखमांनी मृत. येथे कथा थांबते.

हिंदी समीक्षेने या कथेला प्रेमकथा म्हणून गौरविले आहे. निःस्वार्थ प्रेम, दिल्या शब्दाचे पालन, बलिदान ही तिची मूल्ये म्हणून पाठ्यपुस्तकांनी रूढ केली. हे वाचन खोटे नाही, पण अपुरे आहे, कारण ते शेवटच्या ओळीला केवळ करुण भरतवाक्य समजते. वास्तविक त्या ओळीने कथेचा सारा हिशेब उलगडतो. एका मरणाच्या येथे तीन नोंदी आहेत. सरकारच्या वहीत पलटणीचा क्रमांक आणि नाव. सुभेदाराच्या मनात एक अर्धवट निरोप, ज्याचा अर्थ त्याला कदाचित कधीच कळणार नाही. आणि वाचकापाशी अमृतसरचा बाजार, ओली माती आणि आंब्याचे झाड. या तीन नोंदींमधले अंतर म्हणजेच या कथेतला युद्धविरोध. ती कोणाला दोष देत नाही. सरकारी यादी किती थोडे सांगते, एवढे दाखवून गप्प बसते. चौदा वर्षांनी रेमार्कनेही आपल्या कादंबरीचा शेवट अशाच एका सरकारी कागदावर केला. त्याचा तरुण सैनिक मरतो त्या दिवशी लष्करी वृत्तात आघाडीवर नोंदण्याजोगे काही घडलेले नसते. रेमार्कला गुलेरी ठाऊक असण्याचा प्रश्नच नाही. या युद्धाने माणसे मारण्याइतक्याच प्रमाणावर कागद निर्माण केला, आणि परस्परांपासून इतक्या दूर असलेल्या दोन लेखकांना त्या कागदातच आपला शेवट सापडला.

अशी कथा पडद्यावर कशी न्यावी? बिमल रॉय यांच्या संस्थेने १९६० मध्ये ‘उसने कहा था’ याच नावाने चित्रपट काढला. दिग्दर्शक मोनी भट्टाचार्जी, संगीत सलील चौधरींचे. सुनील दत्तच्या समोर नायिका होती नंदा, म्हणजे मास्टर विनायकांची कन्या. आणि ‘अयोध्येचा राजा’पासून मराठी माणसाच्या परिचयाच्या दुर्गाबाई खोटे त्यात आईच्या भूमिकेत होत्या. म्हणजे पंजाबची कथा, काशीत वारलेला लेखक, बंगाली दिग्दर्शक व संगीतकार, आणि दोन मराठी स्त्रिया. भारतीय साहित्याची एकात्मता सिद्ध करण्यासाठी परिसंवाद भरविणाऱ्यांनी मुंबईच्या चित्रपटांच्या श्रेयनामावळ्या अधिक वाचावयास हव्यात.

चित्रपटाने कथेचे जे केले ते एका दृष्टीने अटळ होते. बारा आणि आठ वर्षांच्या मुलांची ओळख अडीच तास पेलणार नाही म्हणून ती तारुण्यातल्या प्रेमात वाढविली. पावसातले युगुलगीत आले, आणि ते गीत इतके मधुर आहे की आज कित्येकांना चित्रपट आठवतो तो त्या गीतापुरताच. कथेत जे प्रेम आहे असे कोणी छातीठोकपणे म्हणू शकत नाही, ते चित्रपटात निःसंशय प्रेम आहे. येथे मोठी हानी झाली आहे. लहनासिंह प्रेमिक म्हणून मरतो की केवळ बाजारात भेटलेल्या एका मुलीने विश्वास टाकला म्हणून मरतो, हा मूळ कथेतला अनिश्चितपणा फार मौल्यवान होता. प्रेमासाठी प्राण देणारे पुष्कळ असतात. सोयरीक झाली का म्हणून कधीकाळी थट्टा केली, तेवढ्या ऋणावर प्राण देणारा माणूस निराळ्याच जातीचा. सामान्य माणसाच्या असामान्यतेची ही जात चित्रपटाच्या हातून निसटली.

उलट, कथेने जे करण्याचे नाकारले ते चित्रपटाने एका ठिकाणी केले आणि तेथे तो कथेच्या बरोबरीला येतो. मखदूम मोहिउद्दीन यांची शिपायावरील उर्दू कविता त्यात गाण्याच्या रूपाने आली आहे, मन्ना डे यांच्या आवाजात. निघालेल्या शिपायाला कविता विचारते की तू कोठे चाललास. आणि मागे राहिलेली दुःखी स्त्री, भुकेली मुले, जळत्या प्रेताचा वास यांच्याकडे बोट दाखविते. हैदराबादचा हा कम्युनिस्ट कवी आणि जयपूरचा तो सनातनी वळणाचा संस्कृतज्ञ एका चित्रपटात एकत्र यावेत हा योग अपूर्वच. गुलेरी ज्या काळात लिहीत होते तेव्हा हा प्रश्न छापता आला नसता, आणि त्यांनी तो छापलाही नसता. त्यांनी शिपायाला काहीच विचारले नाही. मखदूमांच्या कवितेत मागे राहिलेले लोक विचारतात. आई म्हणून दुर्गाबाईंचा चेहराही येथे उपयोगी पडतो. मूळ कथेत लहनासिंहाची आई कोठेच नाही. यादी वर्तमानपत्रात आली तेव्हा घरी ती कोणी वाचली, हा विचार कथा वाचकावर सोपविते. पडद्याला असे सोपविता येत नाही. त्याला कोणाचा तरी चेहरा लागतो.

हा माध्यमाचा भेद सर्वत्र दिसतो. रेमार्कच्या कादंबरीवर लुईस माइलस्टोनने १९३० मध्ये चित्रपट केला तेव्हा शेवटच्या त्या लष्करी वृत्ताच्या जागी त्याला फुलपाखरू घ्यावे लागले. त्याकडे सरकणारा हात दिसतो, गोळीचा आवाज होतो, हात पडतो. कादंबरीत ते फुलपाखरू शेवटी नाही. कागदाचा कोरडेपणा पडद्यावर दाखविणे कठीण. हाताचे पडणे सोपे, आणि अधिक हृदयंगम. चेतन आनंद यांच्या ‘हकीकत’मध्ये (१९६४) १९६२ च्या लडाखमधली माघार आहे. पराभूत, दमलेली, थंडीने आखडलेली माणसे त्यात पुष्कळ वेळ नुसती चालतात, आणि तोच त्या चित्रपटाचा उत्तम भाग होय. देशभक्तीच्या घोषणांपेक्षा तो अधिक काळ टिकला. सत्यजित राय यांनी १९६९ मध्ये ‘गुपी गाइन बाघा बाइन’मध्ये आकाशातून मिठाईची भांडी उतरविली आणि उपाशी सैन्य लढाई विसरून त्यांच्यावर तुटून पडले. मुलांसाठी म्हणून काढलेल्या त्या चित्रपटात शिपायाच्या भुकेविषयी जे कळते ते पुष्कळ प्रौढ युद्धपटांत कळत नाही.

येथे मराठीकडे वळले म्हणजे वाचक अडखळतो. मराठी ही लढवय्या लोकांची भाषा असे अभिमानाने म्हटले जाते. पण साध्या शिपायाच्या लढाईची, गुलेरींच्या तोडीची, त्या काळातली कथा मराठीत कोठे आहे? बखरी मोत्यांच्या आणि मोहरांच्या. गोडसे भटजींचा ‘माझा प्रवास’ हा १९०७ मध्ये छापला गेलेला वृत्तांत मोठा अपवाद खरा. झाशी पडल्यावर गल्लीबोळांतून मेलेल्या नावनिशीहीन लोकांकडे त्या भिक्षुकाने पाहिले, कारण तो स्वतः त्यांच्यातच जीव मुठीत धरून लपला होता. पण त्याचे पाहणे नागरिकाचे आहे. विश्राम बेडेकरांच्या ‘रणांगण’ (१९३९) या कादंबरीचे नाव लढाईचे असून तीत लढाई नाही. युरोपातून हुसकलेल्या ज्यूंना घेऊन निघालेली बोट आहे, आणि येऊ घातलेला विध्वंस त्या बोटीवरच्या एका प्रेमात आधीच घडून जातो. मराठीतली ही बहुधा सर्वांत मोठी युद्धकथा. तीत शिपाई नाही, ही बाब बेडेकरांच्या श्रेष्ठतेला उणेपणा आणीत नाही. पण बाकीच्या मराठी साहित्याबद्दल काहीतरी सांगते.

कारण शिपाई होते. गुलेरींचा लहनासिंह फ्लांडर्सच्या चिखलात मरत होता त्याच वर्षी १०३, ११० आणि ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी मेसोपोटेमियात होत्या. सहाव्या पुणे डिव्हिजनबरोबर त्या टायग्रिसच्या काठाने वर चढल्या, नोव्हेंबर १९१५ मध्ये टेसिफोनला लढल्या आणि मागे हटून कूत-अल्-अमारा येथे कोंडल्या गेल्या. ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत वेढा चालला. अन्न संपत आले तेव्हा घोडे मारले जाऊ लागले. हिंदी शिपायांनी ते मांस खाण्यास बराच काळ नकार दिला आणि उपासमारीने व स्कर्व्हीने ते खंगले. हिंदुस्थानातून धर्माधिकाऱ्यांच्या संमतीच्या तारा मागविण्यात आल्या. शरणागतीनंतर जे कैदी वाळवंटातून चालविले गेले त्यांतले पुष्कळ पोचलेच नाहीत. ही माणसे कोकणातली आणि देशावरची. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे या एका गावातले ४६ जण त्या महायुद्धात कामी आले असे सांगतात, आणि त्या गावाच्या नावाला ‘मिलिटरी’ हा शब्द कायमचा चिकटला आहे. धर्म आणि भूक, वेढा आणि वाट पाहणे, घरची शेती आणि टायग्रिसचा पूर, हे सर्व ज्या एका प्रसंगात होते त्याला मराठीत आपला गुलेरी भेटला नाही. पुण्या-मुंबईचे लेखक तेव्हा इतिहासातल्या लढायांवर कादंबऱ्या आणि नाटके लिहीत होते.

लहनासिंह हा काल्पनिक. पण त्याच्यासारख्यांचे काय झाले ते पाहता येते. नव शापेल येथे १९२७ मध्ये हिंदी सैन्याचे स्मारक झाले. हर्बर्ट बेकरने रचलेल्या त्या वर्तुळाकार भिंतीवर साडेचार हजारांहून अधिक नावे कोरलेली आहेत, शिपायांचीसुद्धा. मेसोपोटेमियात मेलेल्या आणि ज्यांची थडगी सापडली नाहीत अशांसाठी बसऱ्याला १९२९ मध्ये स्मारक झाले, तेथे नियम निराळा होता. ब्रिटिश सैनिकांची नावे कोरली, हिंदी अधिकाऱ्यांचीही कोरली. हिंदी शिपायांची मात्र पलटणीपुढे केवळ संख्या घातली. अमुक पलटण, इतके शिपाई. जमादार हा पडला अधिकारी, तेव्हा लहनासिंह बसऱ्याला मेला असता तरी भिंतीवर आला असता. वजीरासिंह आला नसता. पानिपतच्या सावकाराने खुर्द्याची गणती होत नाही म्हणून लिहिले. साम्राज्याच्या कारकुनांनी ती गणती अगदी चोख केली, आणि आकडा लिहून नावे गाळली.

२०२१ मध्ये राष्ट्रकुलाच्या युद्धकबर आयोगाने एका अहवालात हा भेदभाव मान्य केला आणि त्याबद्दल क्षमा मागितली. आशिया व आफ्रिकेतले एक लाखाहून अधिक मृत, कदाचित त्याहून पुष्कळ अधिक, असे आहेत की ज्यांचे स्मरण नावाने झाले नाही किंवा मुळीच झाले नाही, असे त्या अहवालात नमूद आहे. बसऱ्याचे स्मारक दरम्यान मूळ जागी राहिले नव्हते. १९९७ मध्ये सद्दाम हुसेनच्या आदेशाने ते उचलून नासिरियाच्या वाटेवरील वाळवंटात नेण्यात आले, आणि त्या वाळवंटात पुढे आणखी युद्धे झाली.

काशीत पिशाचमोचन नावाचे कुंड आहे. अकाली मेलेल्यांसाठी तेथे त्रिपिंडी श्राद्ध करतात. काठावरच्या पिंपळाला लोक खिळ्यांनी नाणी ठोकून जातात. तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत गावोगावची घराणी लिहिलेली असतात, आणि महाराष्ट्रातून येणाऱ्याला आपल्या पणजोबांचे नाव तेथे कधी कधी अचानक सापडते. १९१६ नंतर रत्नागिरीहून किंवा साताऱ्याहून कोणी म्हातारी येथवर आली असेल, तर तिने नाव सांगितले असेल, गोत्र विचारल्यावर गोंधळली असेल, आणि तो कोठे गेला असे विचारल्यावर बसरा म्हणाली असेल. असे काही एखाद्या वहीत लिहिलेले आहे काय, ते पाहावयास हवे. गुलेरींच्या कथेवर येथल्या विभागांतून प्रबंध होतच असतात. या वह्यांवर एखादा झाला तर मराठीला आपली न लिहिली गेलेली कथा निदान कोणत्या घरांतून शोधावयाची ते कळेल.